फॉर्मलिन, तराजू आणि फोन करणारी माणसे हवीत

सप्रेम नमस्कार,

आपल्या धर्मादाय रुग्णालयात जठर, मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया होतात. त्यांत चुका कमी व्हाव्यात आणि झालेली चूक लपू नये, यासाठी मदत समिती हे आवाहन करत आहे. मोठे यंत्र मागत नाही. यादी वाचून कुणाला हसूही येईल.

पहिली गरज फॉर्मलिनची, म्हणजे काढलेला भाग तपासणीपर्यंत कुजू न देणाऱ्या द्रावणाची. काढलेला भाग त्याच्या किमान दहापट १० टक्के बफर्ड (आम्लता स्थिर ठेवलेल्या) फॉर्मलिनमध्ये बुडवायचा असतो, म्हणजे अर्ध्या किलोच्या नमुन्याला पाच लिटर. प्रत्यक्षात वीतभर आतडे लहानशा डब्यात कोंबले जाते. वरचा थर पक्का होतो, आतला कुजतो आणि लिम्फ नोड (कर्करोग आधी जिथे पसरतो त्या लहान गाठी) शोधणे अवघड होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किमान १२ नोड तपासावेत असा दंडक आहे. पाचच सापडले आणि पाचही स्वच्छ निघाले, तरी रोग पसरलेला नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही; केमोथेरपीचा निर्णय तिथेच अडतो. म्हणून हवे आहे ते असे: दरमहा ४० लिटर तयार बफर्ड फॉर्मलिन, १० लिटरचे रुंद तोंडाचे घट्ट झाकणाचे २० डबे, आतडे ताणून टाचण्यासाठी बुचाचे १२ फळे आणि कडा रंगवायची चार रंगांची शाई. गुदाशयाच्या नमुन्यात कर्करोगाची गाठ शाईने रंगवलेल्या कडेपासून १ मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असेल, तर रोग तिथेच उलटण्याचा धोका वाढतो. कापण्यापूर्वी नमुन्याचे पुढून-मागून फोटो काढायला एक साधा कॅमेराही हवा. शस्त्रक्रिया किती नीट झाली ते त्यांत दिसते; ते फोटो म्हणजे सर्जनचे प्रगतिपुस्तकच, आणि ते सर्जनलाही दाखवले जाईल.

ओटीसाठी (शस्त्रक्रियागृहासाठी) दोन डिजिटल तराजू हवेत. रक्त टिपून भिजलेल्या मॉपच्या (कापडी घडीच्या) वजनातून कोरड्याचे वजन वजा केले की रक्तस्राव कळतो. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. मॉपची मोजणी सर्वांना दिसेल असा पांढरा फळाही द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची १९ मुद्द्यांची तपासणी यादी भिंतीवर आहे, पण शेवटी एका दमात सगळ्या खुणा मारल्या तर ती नुसता कागद उरते. अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच्या ६० मिनिटांत जायला हवे. वॉर्डात दिले आणि रुग्ण दोन तास ओटीबाहेर थांबला, तर त्याचा जोर ओसरतो. ही शिस्त लावणे आमचे काम, त्यासाठी देणगी नको.

रोगट भाग काढल्यावर आतड्याची टोके जिथे जोडतात तो जोड गळणे ही सर्वांत भीतीची गुंतागुंत. आधी नाडी वाढते, ताप नंतर येतो, पोट फुगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर रुग्णाला घरी न सोडता जोड तपासावा लागतो. प्रत्येक रुग्णामागे अशा दोन चाचण्यांचा खर्च कुणी उचलावा. रक्ताच्या गुठळ्या टाळणारी हेपरिनची इंजेक्शने अशा शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे द्यायची असतात. घरी गेल्यावर पैशांअभावी ती बंद पडतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा निधी ठेवला आहे.

आणि माणसे. घरी गेलेला रुग्ण त्रास झाल्यावर जवळच्या दवाखान्यात जातो आणि आमच्या वहीत ‘बरा होऊन गेला’ असाच राहतो. त्यामुळे ३०व्या आणि ९०व्या दिवशी फोन करणारे सहा स्वयंसेवक हवेत, आठवड्याला चार तास. प्रश्न ठरलेले: ताप, उलट्या, जखमेतून पू, पायाला सूज, दुसरीकडे भरती. फोनवर औषध सुचवायचे नाही. यांतले काही निघाले तर लगेच ड्युटी डॉक्टरांना कळवायचे. फोन फक्त संमती दिलेल्यांनाच होतील, आणि गोपनीयतेच्या कागदावर सही केल्याशिवाय यादी हाती मिळणार नाही.

फॉर्मलिन स्वतः आणू नये, वाफ डोळ्यांना झोंबते. पुरवठादाराचे बिल थेट भरावे. रोख रक्कम फक्त कार्यालयात, पावती घेऊनच द्यावी. जमाखर्च आणि गळालेल्या जोडांची संख्या, दोन्ही दर महिन्याला सूचनाफलकावर लागतील.

आपली,
रुग्णालय मदत समिती