वीस शिलिंगांचा कर

सातारा

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा खटला जिथे चालला ती पाटी तू पाहिलीस, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला त्या दिवशी पार्लमेंट जिंकले, असे लिहिलेस. कायदा शिकणाऱ्या मुलीने एवढ्यावर थांबू नये, असे मला वाटते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

मी तीस वर्षे कोषागारात देयके तपासली. मंजुरीचा आदेश जोडलेला नसेल, तर देयक कितीही मोठ्या अधिकाऱ्याचे असो, आक्षेप लावून परत पाठवायचे, हे आमचे रोजचे काम. म्हणूनच मला राजा आणि पार्लमेंट यांचा हा सगळा झगडा मुळात मंजुरीचा वाटतो. १६२५ मध्ये चार्ल्स गादीवर आला, तेव्हा आयात-निर्यातीवरची जी जकात पूर्वीच्या राजांना तहहयात मिळत असे, ती कॉमन्स या पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने त्याला एकाच वर्षापुरती देऊ केली. त्याने ती तशीच वसूल करणे चालू ठेवले. १६२९ नंतर तर त्याने अकरा वर्षे पार्लमेंट बोलावलेच नाही आणि एरवी किनारपट्टीच्या गावांकडून युद्धप्रसंगी घ्यायचा जहाजांचा कर समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही बसवला. जॉन हॅम्पडेन या जमीनदाराकडे वीस शिलिंग निघाले. ते भरणे त्याला सहज शक्य होते, पण त्याने नकार दिला. १६३८ मध्ये बारांपैकी सात न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला, पाच जणांनी हॅम्पडेनच्या. त्या पाच जणांचे मला फार मोल वाटते.

स्कॉटलंडशी युद्ध ओढवून पैसा संपला, तेव्हा १६४० मध्ये पार्लमेंट बोलावणे राजाला भागच पडले. पुढचा प्रसंग तू पाठ करून ठेव. ४ जानेवारी १६४२ रोजी, हॅम्पडेन आणि पिम यांच्यासह पाच सभासदांना पकडण्यासाठी, चार्ल्स सशस्त्र माणसे घेऊन कॉमन्समध्ये आला. तेव्हा हे सभागृह सेंट स्टीफन्स चॅपेलमध्ये भरत असे. बाहेर उभे असलेले शिपाई सभासदांना दिसावेत म्हणून दार मुद्दाम उघडे ठेवले होते. राजाने स्पीकरची खुर्ची मागून घेतली, बाकांवरून नजर फिरवली आणि ते पाच जण कुठे आहेत, असे विचारले. ते आधीच निसटले होते. स्पीकर विल्यम लेन्थॉल गुडघे टेकून म्हणाला की, मी या सभागृहाचा सेवक आहे आणि सभागृह सांगेल त्याखेरीज पाहायला मला इथे डोळे नाहीत, बोलायला जीभ नाही. राजापुढे वाकूनही त्याने माहिती मात्र दिली नाही. त्या दिवसानंतर इंग्लंडचा कोणताही राजा किंवा राणी अधिवेशनासाठी कॉमन्समध्ये आलेली नाही, आणि राजाचा निरोप घेऊन येणाऱ्या ब्लॅक रॉड या अधिकाऱ्याच्या तोंडावर आजही दार लावून घेतात.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. राजाचा वध झाल्याने पार्लमेंट सुरक्षित झाले असते, तर एप्रिल १६५३ मध्ये, राजाविरुद्धच्या यादवी युद्धात पार्लमेंटच्याच बाजूने लढलेला सेनापती क्रॉमवेल याला बंदूकधारी आत बोलावून त्याच सभागृहातील सभासदांना बाहेर काढता आले नसते. राजा गेला, पण खजिना आणि सैन्य यांच्यावर हुकूम कोणाचा, हा प्रश्न तसाच उरला. त्याचे उत्तर, राजेशाही परत आल्यानंतर झालेल्या, १६८९ च्या हक्कांच्या कायद्यात सापडते. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवायचा नाही, शांततेच्या काळात सैन्य ठेवायचे नाही, कायदा स्थगित करायचा नाही, आणि सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल कोणत्याही न्यायालयात जाब विचारायचा नाही. सैन्याच्या शिस्तीचा कायदाही थोड्या मुदतीचाच ठेवल्यामुळे, राजाला पार्लमेंट वारंवार बोलवावेच लागू लागले. ते काही सर्वसामान्यांचे पार्लमेंट नव्हते, बहुसंख्य लोकांना मतच नव्हते, हेही विसरू नकोस. तरीही आपल्या संविधानातील अनुच्छेद २६५ (कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही) आणि १०५ (संसदेतील भाषणस्वातंत्र्य) उघडून त्या कायद्याशेजारी ठेवून वाच, म्हणजे नाते लगेच ध्यानात येईल.

पुन्हा तिकडे गेलीस, की हॉलबाहेरचा क्रॉमवेलचा पुतळा पाहा आणि मग रस्ता ओलांडून सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतीवर चार्ल्सचा लहानसा अर्धपुतळा शोध. दोघांनीही एकाच सभागृहावर शिपाई आणले होते. दोन्हींचे फोटो मला पाठव.

तुझे,
बाबा