ड्यूटी चार्टवर ‘तालीम’ लिहिणाऱ्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमच्या बदलीच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. माझी पाळी आली तेव्हा “मॅडमनी फार सांभाळून घेतलं” एवढं बोलून मी खाली बसले. नाटकात लाइट्स करते मी. उजेड दुसऱ्यावर टाकायचा आणि आपण अंधारात बसायचं, हीच सवय. पण तेव्हापासून रोज घरी जाताना वाटतं, राहिलंच सांगायचं. आणि हे तुमच्या व्हॉट्सअॅपवर गुपचूप पाठवण्यात अर्थ नाही. तुम्ही जे केलंत ते चारचौघांसमोर केलंत, तर आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

आमची सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे पहिला खेळ केला, म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. तुमच्या आधीचे एक साहेब त्या दिवशी सकाळी शाखेच्या ग्रुपवर न चुकता भाव्यांचा फोटो टाकायचे, खाली हात जोडलेले. त्याच संध्याकाळी मी पर्स उचलली की म्हणायचे, “नाटकंच करायची होती तर बँकेत कशाला आलात?” सगळे काउंटर हसायचे. मीही हसायचे. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. साहेबांच्या नाही, माझ्या.

मग मी खोटं बोलायला शिकले. चौदा वर्षांत माझ्या सासूबाई नऊ वेळा पडल्या, दोनदा त्यांची साखर वाढली. प्रत्यक्षात बाई ठणठणीत, तालमीला निघताना डब्यात थालीपीठ घालून देणाऱ्या. एका चुलत नणंदेचं तर मी ठरलेलं लग्नही मोडलं. तिला अजून पत्ता नाही.

लोक मला नेहमी दोन नावं ऐकवतात. डॉ. लागूंनी १९६९ साली डॉक्टरकी बाजूला ठेवून पूर्णवेळ रंगभूमी धरली, अशोक सराफही आधी स्टेट बँकेत होते. असतील हो. मी त्यातली नाही. मला पगार हवा होता, घराचा हप्ता आहे, आणि खरं सांगू का, नोटा मोजायला मला आवडतं. नोकरी सोडायची नव्हतीच. ऑफिसर झालं की सांगली सुटणार, म्हणून प्रमोशनचा फॉर्म दोनदा भरला नाही. तिथेही “वेडी आहेस का” ऐकलं. मला फक्त नोव्हेंबर हवा होता. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, त्याआधीच्या तालमी. वर्षातला एक महिना, संध्याकाळी सहानंतरचा.

तुम्ही आलात त्या ऑक्टोबरात मी केबिनमध्ये शिरले आणि सवयीने सुरुवात केली, “मॅडम, सासूबाईंची तब्येत जरा...”

“सासूबाईंना बरं वाटू दे आता,” तुम्ही म्हणालात. “प्रयोग कधी आहे?”

कुणी सांगितलं होतं तुम्हाला, ते मी शोधलं नाही. तुम्ही रजा दिली नाहीत, सवलतही नाही. महिनाभरासाठी कॅश काढून घेतलीत आणि पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचं टेबल दिलंत. नऊला यायचं, रांग दुपारी आटपते, पाचला मोकळं. कॅशवाल्याला टॅली लागेपर्यंत हलता येत नाही, हे चौदा वर्षांत एकालाही दिसलं नव्हतं असं थोडंच आहे? दिसत सगळ्यांना होतं.

पण हेही मी विसरले असते. विसरणार नाही तो कागद.

एक तारखेला नोटीस बोर्डवर नवा ड्यूटी चार्ट लागला. कॅश, लॉकर, क्लिअरिंग, गोल्ड लोन, सगळं टाइप केलेलं. माझ्या नावापुढे ‘हयातीचे दाखले’, आणि त्यापुढच्या रिकाम्या चौकटीत तुमच्या हिरव्या शाईच्या पेनने, तुमच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात: ‘५ नंतर: तालीम’. खाली सही. शिक्का.

मी चहाचा कप घेऊन त्या बोर्डासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. माझ्यामागे गोल्ड लोनवाले भाऊ येऊन उभे राहिले, त्यांनी वाचलं, काही न बोलता गेले. कुणी हसलं नाही. शिक्क्याला कोण हसणार? चौदा वर्षं जे मी पर्समध्ये लपवून नेत होते, ते तुम्ही लॉकर आणि क्लिअरिंगच्या रांगेत नेऊन बसवलंत, जणू तेही शाखेचंच काम. त्या संध्याकाळी पाचला मी उठले तर भाऊच म्हणाले, “निघा, उशीर होईल.”

आठवड्याने शिपाई मामा बिचकत केबिनमध्ये आले होते, आठवतं? “मॅडम, माझं गुरुवारचं भजन पण लिवाल का?” तुम्ही पेनचं टोपण काढलंत. डिसेंबरपर्यंत त्या चार्टवर भजन होतं, एकीच्या मुलीची दहावी होती, भाऊंची संध्याकाळची पोहण्याची वेळ होती. आणि शाखेचं काही अडलं नाही. उलट ज्याची वेळ लिहिलेली, तो पावणेपाचलाच हातातलं काम संपवायला धडपडायचा. हे करायला वरून परिपत्रक लागत नाही, पैसा लागत नाही. तरी लोक करत नाहीत. हाताखालच्या माणसाला घर, गळा, हातपाय आहेत हे मान्य केलं की आपली खुर्ची दोन बोटं खाली जाते, असं त्यांना का वाटतं, देव जाणे.

आणि ते टेबल! आजोबांच्या बोटांचे ठसे झिजलेले, मशीन काही केल्या घेत नाही. मग मोबाइलवर चेहरा दाखवायचा, तर डोक्यावरच्या ट्यूबचा उजेड टकलावर, डोळ्यांच्या खोबणीत काळोख. चेहराही घेईना. दुसऱ्या दिवशी मी टेबल उचलून खिडकीकडे फिरवलं आणि समोर लेजरचा पांढरा कागद तिरका धरला. उजेड खालून गालावर आला आणि आजोबा पटकन हयात झाले. तुम्ही काचेतून बघत होतात. “हे तालमीतून आणलंत ना?” म्हणालात. हो, मॅडम. पण असं विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

प्रयोगाला तुम्ही भावे नाट्यमंदिरात आलात, डबा खात बसलेल्या आमच्या बॅकस्टेजच्या पोरांना भेटलात. प्रकाशयोजनेचं दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं कशामुळे गेलं ते मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्या अंकात आई दाराकडे वळायच्या आधीच मी दारावरचा स्पॉट दिला. अर्धा सेकंद असेल, पण अख्ख्या थिएटरला कळलं की आता कुणीतरी येणार. नंतर मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणालात, “कुठला स्पॉट? मला नाही बाई जाणवलं.”

तीन वर्षांत तुम्ही मारलेली ती एकच थाप, मॅडम. चौदा वर्षांचा अनुभव आहे माझा, लगेच ओळखली.

तुमची,
हयातीच्या दाखल्यांचं टेबल

ता. क. नवीन साहेबांनी चार्ट बघून विचारलं, “हे तालीम काय आहे?” मी सासूबाईंचं नाव काढलं नाही.