सेलेच्या खोऱ्यात उतरण्याआधी

पुणे, २ मार्च

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. फ्रान्समधल्या सायकल सहलीसाठी लुआर नदीचा सपाट काठ सोडून तू फिजाक ते काओर हा रस्ता धरलास, सेले नदीच्या खोऱ्यातून, याचा मनापासून आनंद झाला. तू दोनच प्रश्न विचारलेस: टायर कोणते आणि दिवस किती? दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे तिथला चुनखडक. तो एकदा लक्षात आला की बाकीचं आपोआप उलगडतं.

आपल्या गडांवर काळ्या कातळात टाकं खोदलं की पाणी वर्षभर टिकतं. केर्सीच्या, म्हणजे त्या प्रांताच्या, चुनखडकात उलटं होतं. पावसाचं पाणी खडक विरघळवत भेगांतून खाली जातं आणि थेट खोऱ्याच्या तळाशी झऱ्यांतून बाहेर येतं. त्यामुळे खाली नदी, कुरणं, अक्रोडाची झाडं. आणि दीडशे-दोनशे मीटर वर ‘कॉस’ नावाचं कोरडं पठार, जिथे खुरटे ओक, दगडी बांध आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या मेंढ्या. नुसत्या खोऱ्याने गेलास तर अंतर साधारण ७५ ते ८० किलोमीटर, म्हणजे एका दिवसाचं काम. पण खोरं न सोडणाऱ्याला डांबरी रस्ताच मिळतो. खरी ग्रॅव्हल, म्हणजे खडीची कच्ची वाट, वर कॉसवर आहे. म्हणून तीन दिवस ठेव आणि रोज एकदा तरी वर चढ.

आता टायर. ४२ मिमी रुंदीचे, ट्यूबलेस, आणि बाजूच्या भिंतीला जाड संरक्षक थर असलेले घे. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे बाभळीचा काटा टायरच्या माथ्यातून घुसतो; तिथला चुनखडक चपट्या, धारदार कपच्यांत फुटतो, आणि चाक कपचीच्या कडेवर चढलं की ती उभी राहून टायरची बाजू चिरते. माथ्यावर नक्षी कितीही जाड असो, बाजू पातळ असेल तर फायदा नाही. तुझं वजन ७२ किलो आणि सामान आठेक किलो धरलं तर हवेचा दाब पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआयपासून सुरू कर. ४५ पर्यंत भरलंस तर चाक दगडावरून उडतं आणि उतारावर पकड सुटते. २५ च्या खाली गेलास तर जमिनीत रुतलेल्या खडकाची धार थेट रिमला लागते.

सीलंट, म्हणजे बारीक भोक आतून बुजवणारा द्रव, प्रत्येक चाकात ६० मिली, आणि तेवढंच एका छोट्या बाटलीत जवळ. भोक साधारण ५ मिमीपर्यंत असेल तर रबरी प्लगने भागतं. त्याहून मोठी चीर असेल तर आतून जाड तुकडा लावायचा, ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढायचा आणि ट्यूब घालायची. पण त्याआधी टायरच्या आतून बोटं फिरव, जपून. कॉसवरच्या कुंपणांत रानटी आलुबुखाराची झुडपं असतात, त्यांचे काटे टायरमध्ये अडकून राहतात आणि सीलंटमुळे पत्ताही लागत नाही. ते तसेच ठेवून ट्यूब घातलीस की दहा मिनिटांत तीही बसते. ट्यूब दोन घे. हवेसाठी गॅसच्या कुप्यांपेक्षा हातपंप बरा: विमानात कटकट नाही, आणि हवा संपली असं कधी होत नाही.

गिअरचा नियम सोपा आहे. पुढच्या चेनरिंगला, म्हणजे पेडलजवळच्या चकतीला, जितके दाते, मागच्या कॅसेटच्या सर्वांत मोठ्या चकतीला किमान तितके, शक्यतो थोडे जास्त. ३८ ला ४४ उत्तम. तुझं ४२ ला ३४ सामानासकट त्या चढांवर गुडघे मोडेल. चढताना सीटवर बसूनच राहा. उठलास की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते सुट्या खडीवर जागीच फिरतं. उतरताना वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यात ब्रेक पुरा कर. ओकची पानं साचलेली वाट सर्वांत फसवी, कारण खालचा दगड दिसत नाही. पावसानंतर सावलीतला शेवाळलेला चुनखडक साबणासारखा असतो, तिथे उतरून चाललेलं बरं. साखळीला ओलं, जाड तेल लावू नकोस. ती पांढरी धूळ त्यात मिसळून पॉलिशसारखी दाते झिजवते. कोरडं किंवा मेणाचं वंगण लाव आणि रोज संध्याकाळी साखळी फडक्याने पुसून घे.

पाणी. वर झरा, ओढा काही मिळणार नाही, कारण सगळं खाली गेलेलं असतं. चढण्याआधी ७५० मिलीच्या दोन्ही बाटल्या भर आणि पिशवीत आणखी एक लिटर ठेव. कॉसवर गाव लागलं तर दफनभूमी शोध: फ्रान्सच्या खेड्यांत तिथे फुलझाडांसाठी बहुधा नळ असतो. ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं. मध्ये ‘नाँ’ असेल तर बाटली भरू नकोस. जुलै-ऑगस्ट टाळ, वर सावली नाही आणि खाली गर्दी. मे, जून किंवा सप्टेंबर घे. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा भडक रंगाचा शर्ट घाल.

वाट आखताना एक चूक नेहमी होते. लाल-पांढऱ्या खुणांची जीआर ६५१ ही स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेची पायवाट सेलेच्या खोऱ्यातूनच जाते, म्हणून लोक ती जशीच्या तशी जीपीएसमध्ये टाकतात. ती चालणाऱ्यांसाठी आहे. कड्याच्या बाजूने अरुंद होते, पायऱ्या येतात. आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० नकाशा बघ. अखंड बारीक काळी रेषा म्हणजे गाडीवाट, ती तुझी. तुटक रेषा पायवाटेची. गाडीवाटांना फाटकं लागतात. उघडलेलं फाटक लावूनच पुढे जा, आत मेंढ्या असतात. मुक्कामाला मात्र त्या यात्रेचा मोठा उपयोग आहे. गावोगाव ‘जीत’ आहेत, म्हणजे यात्रेकरूंची साधी विश्रांतिघरं, रात्रीच्या जेवणासकट. आधी फोन करून ठेव.

पहिल्या दिवशी फिजाकहून निघ. शांपोलियाँचं हे जन्मगाव, इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा तोच. तिथल्या एका चौकात रोझेटा शिळेची अवाढव्य प्रतिकृती जमिनीवर पसरली आहे, तिच्यावरून चालता येतं. मग एस्पान्याक, ब्रांग आणि मुक्काम मार्सियाकला, पडक्या मठाच्या सावलीत. दुसऱ्या दिवशी काब्रेरे. गावाच्या वर पेश मेर्लची गुहा आहे. १९२२ साली दोन मुलांना ती सापडली. आतले ठिपक्यांचे घोडे सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे आहेत, आणि लास्को गुहेसारखी प्रतिकृती नाही, मूळ भिंतीच बघायला मिळतात. रोजच्या प्रेक्षकांची संख्या मर्यादित असते, म्हणून तिकीट आधी काढ. आत बारा-तेरा अंश तापमान. चढून घामेजलेला असशील, कोरडा शर्ट आणि जाकीट सोबत ने. सायकलीसाठी कुलूपही लागेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर, लोक यायच्या आत, बूझिएसहून लॉत नदीच्या डाव्या काठची जुनी ओढवाट धर. १९ व्या शतकात मालाच्या होड्या प्रवाहाविरुद्ध ओढण्यासाठी कड्याच्या पोटात ती कोरून काढली. छत वाकलेलं, कठडा नाही, एका हाताला थेट नदी. कोरलेल्या भागात सायकल ढकलतच ने. असा दगड घाईने मागे टाकायचा नसतो. पुढे सँ-सिर-लापोपी, नदीपासून शंभर मीटर वर. तिथून काओरला जाताना उजव्या काठच्या वाहत्या रस्त्यापेक्षा डाव्या काठाने, पास्त्युरा आणि आर्कांबालमार्गे आख. चढ जास्त आहे, गाड्या कमी. शेवटी चौदाव्या शतकातला तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल लागेल, आणि तिथून रेल्वे स्टेशन जवळच.

जेवणाचं नीट ऐक, कारण तू शाकाहारी आहेस. तो प्रांत बदकाचा. तळलेले बटाटेसुद्धा बऱ्याचदा बदकाच्या चरबीत केलेले असतात, तेव्हा विचारून घे. पाव, अक्रोड आणि रोकामादूर नावाची बकरीच्या दुधाची चपटी चीज-चकती यावर दिवस मजेत निघतो. फक्त चीजसाठी दूध गोठवायला वापरलेलं रेनेट शाकाहारी आहे का, ते मानत असशील तर तेही विचार. दुकानं दुपारी दोनेक तास बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरीच उघडतच नाहीत. पिशवीत एका जेवणाचं सामान कायम असू दे.

पॅरिसच्या ऑस्टरलित्झ स्टेशनहून काओरला थेट गाडी आहे. फिजाकसाठी ब्रीव्हला बदल. या इंटरसिते, म्हणजे लांब पल्ल्याच्या, गाड्यांत न मोडलेल्या सायकलीचं वेगळं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्याच असतात. आधी सायकलीची जागा बघ, मग स्वतःचं तिकीट काढ. पुढच्या टप्प्यात गाडीऐवजी बस दाखवत असेल तर ती फेरी घेऊ नकोस, बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही.

विमानासाठी बांधताना मागचा डिरेलर, म्हणजे साखळी हलवून गिअर बदलणारा भाग, सोडवून फडक्यात गुंडाळ, डिस्क काढून ठेव आणि ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती अडकव. वाटेत लीव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन चिकटतात आणि चाक परत बसत नाही. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून जोर लावू नकोस.

आणि डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, आजच मागव. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, आपल्याकडे यायला आठवडे लागतात, आणि मार्सियाकमध्ये वाकला तर तुझ्या फ्रेमचा तिथे कुणाकडेही नसेल. फ्रेमचं मॉडेल आणि वर्ष मला कळव, मी इथेही चौकशी करतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध