लाल डगला आणि रक्ताचा डाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या युरोपीय फौजांच्या पोशाखांविषयी आपल्या रविवार पुरवणीत सुरू असलेली लेखमाला मी आवडीने वाचतो. गेल्या लेखातील एका विधानाकडे मात्र आपले आणि लेखकमहोदयांचे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. जखमेतून वाहणारे रक्त दिसून सोबत्यांनी धीर सोडू नये, म्हणून इंग्रज शिपायांचे डगले लाल ठेवण्यात आले, असे त्यात म्हटले आहे. शाळेत असताना मीही हेच ऐकले होते आणि पुढे कापड रंगवण्याच्या व्यवसायात शिरेपर्यंत ते खरेच मानत होतो.

रक्त वाळले की लाल राहत नाही. लोकरीवर ते काळपट तपकिरी दिसते, आणि तांबड्या कापडावर तो डाग लपण्याऐवजी उठूनच दिसतो. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीच्या इंग्रज शिपायाच्या त्या लाल डगल्याखाली बहुधा पांढरी तुमान असे आणि छातीवर फुलीसारखे पांढरे पट्टे असत. रक्त झाकण्याचा विचार करणाऱ्याने ते पांढरे कसे ठेवले असते? ऑस्ट्रियाचे पायदळ तर पांढऱ्या डगल्यांतच लढत असे, आणि राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्सच्या राजाच्या बहुतेक पायदळ पलटणींचा रंगही पांढराच होता. न रंगवलेली लोकर स्वस्त पडते, हे त्यामागचे एक साधे कारण होते.

इंग्लंडच्या लाल रंगामागेही पैशाचा हिशेब आहे. यादवी युद्धाच्या काळात, १६४५ साली, तेथील पार्लमेंटने नव्याने बांधलेल्या फौजेला सरसकट लाल डगले दिले, आणि राजेशाही परतल्यावरही तो रंग टिकला. हा लाल रंग मंजिष्ठाच्या मुळ्यांचा. आपल्या वैद्यांच्या औषधांत असते त्या मंजिष्ठाचीच ही युरोपीय बहीण. तिची तिकडे शेती होत असे, तुरटीच्या साह्याने तिचा रंग लोकरीवर पक्का बसत असे आणि तो हजारो डगल्यांना परवडत असे. पलटणीचे कपडे पुरवण्याचे काम त्या काळी तिच्या कर्नलकडे असे आणि खर्च शिपायांच्या पगारातून कापला जाई, त्यामुळे महागड्या रंगाचा प्रश्नच नव्हता. अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांचा झळझळीत किरमिजी डगला मेक्सिकोतील निवडुंगावर पोसलेल्या कोचिनील किड्यांच्या रंगाचा असे, आणि कथिलाच्या क्षारामुळे त्याला ती झळाळी येई. शिपायाचा डगला काही महिन्यांच्या उन्हापावसात विटून विटकरी दिसू लागे, तेव्हा त्याच्या शेजारी उभा असलेला अधिकारी दुरूनही ओळखू येई. दोन्ही डगले ‘लाल’च, पण रंगाऱ्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

आता प्रश्न उरतो तो रणांगणावर असा भडक रंग चाले कसा, याचा. त्या वेळच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीने शंभरेक पावलांपलीकडे नेम धरण्यात फारसा अर्थ नव्हता, म्हणून शिपाई खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहत आणि एकदम बार काढत. काळ्या दारूचा धूर इतका दाट होई की चार-दोन फैरींनंतर आपली माणसे कोणती आणि परकी कोणती, हे सेनापतीला दिसेनासे होई. अशा वेळी लपण्यापेक्षा दिसण्यातच सोय होती. कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या प्रत्येक पलटणीच्या निराळ्या रंगाच्या असत, त्याही ओळख पटावी म्हणूनच. आपल्याकडे कंपनीच्या मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतील देशी पायदळालाही लाल डगलेच मिळाले, आणि १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेला समोर दिसले ते त्याच रंगाचे एतद्देशीय शिपाई.

ज्यांना खरोखर लपून लढायचे होते, त्यांचा पोशाख याच इंग्रज फौजेने वेगळा ठेवला, ही गोष्ट लेखात यायला हवी होती. १८०० साली उभारलेल्या रायफलधारी तुकडीला गडद हिरवे कपडे आणि काळे पट्टे देण्यात आले, कारण ते शिपाई झाडाझुडपांच्या आडोशाने, सुटे सुटे होऊन नेम धरत. म्हणजे रंगाची निवड आंधळेपणाने होत नव्हती.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने बिनधुराची दारू तयार केली आणि लाल रंगाचा आधारच गेला. त्याच्या कितीतरी आधी, १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीसाठी हॅरी लम्सडेन यांनी मातकट कपडे निवडले होते, आणि ‘खाकी’ हा शब्द तेथूनच इंग्रजीत रुळला. इंग्लंडने १९०२ मध्ये खाकी हाच आपल्या फौजेचा युद्धातला पोशाख ठरवला.

फ्रान्सने उशीर केला, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवांनी मोजली. युद्धमंत्री मेसिमी यांनी फिकट रंग सुचवला, तेव्हा लाल विजार हा राष्ट्राचा मान आहे असा गजर झाला आणि सूचना बारगळली. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ते शिपाई निळे डगले आणि लाल विजारी घालून मशीनगनींसमोर गेले. त्या महिन्याच्या २२ तारखेच्या एकाच दिवसात सुमारे २७ हजार फ्रेंच सैनिक मारले गेले. एवढ्या मृत्यूंना केवळ विजारीचा रंग कारण होता असे मी म्हणणार नाही, पण ती विजार बदलायची संधी हातची गेली होती, याचे वाईट वाटते.

याच विजारींविषयी आमच्या व्यवसायातली एक गोष्ट लेखकांनी पुढील भागात जरूर घ्यावी. १८२९ मध्ये फ्रेंच पायदळाला लाल विजार मिळाली, तिला देशातल्या मंजिष्ठाच्या शेतीचाही आधार होता. पुढे १८६८ मध्ये दोन जर्मन रसायनतज्ज्ञांनी मंजिष्ठातले रंगद्रव्य, म्हणजे अलिझरिन, प्रयोगशाळेत बनवले आणि थोड्याच वर्षांत ती शेती बसली. त्यामुळे १९१४ साली ज्या विजारीला फ्रान्सचा मान म्हटले जात होते, तिचा रंग जर्मनीतून येत होता. युद्धाच्या तोंडावर लाल, पांढरे आणि निळे धागे मिसळून नवे लष्करी कापड विणायचे ठरले होते. युद्ध पेटले, जर्मन रंग मिळेनासा झाला, लाल धागा वगळावा लागला, आणि त्यातून फ्रेंच सैनिकांचा तो फिकट आकाशी पोशाख तयार झाला.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी