सापाची पेटी : आधी थर्मोस्टॅट, मग हीटर

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतल्या पाळीव सापांवरच्या लेखात पेटी उबदार ठेवण्याचा विषय ‘खाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), वर एखादा बल्ब’ एवढ्यावर उरकला आहे. कायद्याने पाळता येणारा साप घरात असलेल्या वाचकाने हे वाचून तसेच केले, तर साप भाजू शकतो, काच तडकू शकते आणि क्वचित आगही लागू शकते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सापाचे शरीर स्वतःपुरती उष्णता तयार करत नाही. पचन, कात टाकणे, आजाराशी झुंजणे हे सगळे बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालते. गिळलेले भक्ष्य थंडीत पचत नाही, पोटातच सडू लागते आणि काही दिवसांनी साप ते ओकून टाकतो. मात्र पेटी सगळीकडे सारखीच गरम ठेवणे हाही उपाय नव्हे. एक टोक गरम आणि दुसरे थंड हवे, म्हणजे साप गरजेप्रमाणे जागा बदलतो. बॉल पायथनसाठी (अजगराची एक लहान जात) गरम टोकाचा पृष्ठभाग 32 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड टोकाची हवा 25 ते 27 असावी. कॉर्न स्नेकला (एक बिनविषारी अमेरिकी साप) गरम टोकाला 29 ते 31 आणि थंड टोकाला 22 ते 25 पुरतात. लपायची जागा दोन्ही टोकांना हवी. ती एकाच टोकाला असेल तर साप तापमान सोसतो, पण आडोसा सोडत नाही.

हीटर निवडताना बहुतेक जण ‘हा किती गरम करतो?’ असे विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा : हा बिघडला तर काय होईल?

या कसोटीवर पहिल्यांदा बाद होतो तो ‘हीट रॉक’, म्हणजे आत तार बसवलेला कृत्रिम दगड. त्याचा एखादा भाग कोमट असतो, तर शेजारचाच भाग भाजण्याइतका तापलेला असतो. पेटीतली हवा थंड आणि तेवढा दगडच गरम असेल, तर साप त्याला वेटोळे घालून बसतो आणि पोट भाजू लागले तरी हलत नाही. दगड आपल्या हाताला सोसला म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. आपण हात क्षणभर टेकवतो, साप रात्रभर पडून राहतो.

हीट मॅट सरसकट वाईट नाही, पण तिची मर्यादा फार थोडे जण सांगतात. ती टेकलेला पृष्ठभाग गरम करते, हवा जवळपास नाहीच. म्हणजे खोली थंड असेल तर मॅटवरची फरशी 32 अंशांवर असूनही साप 20 अंशांची हवा श्वासात घेत असतो. शिवाय मॅटची उष्णता खालून येते. निसर्गात जमिनीत खोल गेले की गारवा मिळतो. पेटीत मात्र उकडू लागलेला साप तळाला अंथरलेला भुसा उकरत खाली जातो आणि थेट तापलेल्या काचेवर पोहोचतो. त्यामुळे भुशाच्या वर ठेवलेला थर्मामीटर 31 दाखवतो, खाली काच 40 च्या पुढे गेलेली असते आणि मालक निर्धास्त असतो.

मॅट वापरायचीच तर ती पेटीच्या बाहेर, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली लावावी. पेटी तिच्या पायांवर किंचित उचललेली असावी, म्हणजे मॅटखाली हवा खेळते. सपाट टेबलावर दाबून बसवलेल्या मॅटची उष्णता कोंडते. वर भुशाचा जाड थर असेल तर ती वरूनही अडते आणि काच तडकते. मॅटवर थर 2 ते 3 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. लाकडी पेटीखाली मॅट लावण्यात अर्थ नाही, कारण लाकूड उष्णता पुढे जाऊ देत नाही आणि स्वतःच तापत राहते. आणखी एक गोष्ट : पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही लावू नये. तापमान टिपणारा सेन्सर किंवा वायर अडकवायला लावलेली पट्टी सुटते, सापाच्या खवल्यांना चिकटते आणि ओढून काढताना कातडी सोलून निघते.

वरून उष्णता देणारी साधने सापाला अधिक मानवतात, कारण उन्हाची ऊबही वरूनच येते. दिवसा हॅलोजन बल्ब उत्तम. त्याच्या उष्णतेचा मोठा भाग दृश्य प्रकाशाला जवळच्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा असतो, तो कातडीच्या थोडा आतपर्यंत पोहोचतो. रात्री हॅलोजन बंद. लाल किंवा निळा बल्ब ‘सापाला दिसत नाही’ म्हणून रात्रभर लावला जातो, पण त्याला तो उजेड जाणवतो आणि दिवस-रात्रीचे चक्र बिघडते. रात्री ऊब हवीच असेल तर उजेड न देणारे साधन घ्यावे, उदाहरणार्थ सिरॅमिक हीटर किंवा पेटीच्या छताला आतून बसवायचे रेडिएंट पॅनेल (खाली ऊब सोडणारी सपाट पाटी). सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग 200 अंशांच्याही वर जाऊ शकतो. त्याला चिनी मातीचाच होल्डर लागतो, प्लॅस्टिकचा वितळतो. तो पेटीच्या आत असेल तर भोवती जाळीचा पिंजरा हवाच, आणि जाळीची भोके सापाचे डोके शिरणार नाही इतकी लहान हवीत. साप बल्बला विळखा घालतो, हे वाचायला विचित्र वाटेल, पण तो तसे करतो. सिरॅमिक हवा कोरडीही करतो. बॉल पायथनला साधारण 60 टक्के आर्द्रता लागते, म्हणून आर्द्रतामापक जवळ ठेवावा. पॅनेलचा पृष्ठभाग सिरॅमिकपेक्षा पुष्कळ कमी तापतो. मोठ्या लाकडी पेटीसाठी आमची पसंती त्यालाच आहे.

आता मुख्य मुद्दा. यांपैकी कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान पाहून हीटरची वीज आपोआप कमी-जास्त किंवा बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नये. सॉकेटला जोडायचा टायमर म्हणजे थर्मोस्टॅट नव्हे, आणि हाताने फिरवायचा डिमरही नव्हे. खोलीचे तापमान बदलले तरी त्यांना त्याचा पत्ता नसतो. थर्मोस्टॅटचे तीन प्रकार मिळतात. ऑन-ऑफ प्रकार (वीज पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करणारा) मॅटला चालतो. पल्स प्रकार (वीज थोड्या थोड्या वेळाच्या ठोक्यांत देणारा) सिरॅमिक आणि पॅनेलला योग्य. हॅलोजनला मात्र डिमिंग प्रकारच (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) हवा, कारण ऑन-ऑफवर तो सतत पेटत-विझत राहतो आणि लवकर जातो. खरेदीपूर्वी थर्मोस्टॅट किती वॅटचा भार झेलतो ते पाहावे.

थर्मोस्टॅटचा सर्वांत कच्चा दुवा म्हणजे त्याचा सेन्सर. सापाने तो ढकलून थंड टोकाला नेला किंवा पाण्याच्या भांड्यात पाडला, तर यंत्राला वाटते पेटी गार आहे, आणि ते पूर्ण ताकदीने तापवत राहते. मॅटचा सेन्सर बाहेरच्या बाजूने, मॅट आणि काच यांच्यामध्ये बसवावा. तिथे साप पोहोचत नाही. बल्बचा किंवा पॅनेलचा सेन्सर गरम टोकाला, साप पसरतो त्या उंचीवर क्लिपने पक्का करावा. सेन्सरवरचा आकडा आणि साप टेकतो त्या जागेचे तापमान एकच नसते, हे गृहीतच धरावे. इन्फ्रारेड गनने (दुरून पृष्ठभागाचे तापमान मोजणारे उपकरण) प्रत्यक्ष पृष्ठभाग मोजावा आणि तो त्या सापाला हव्या त्या आकड्यावर येईपर्यंत थर्मोस्टॅटचा आकडा वर-खाली करावा. मॅट असेल तर भुसा बाजूला सारून उघडी काच मोजावी. गन काचेच्या बाहेरून रोखली तर ती फक्त काचेचेच तापमान सांगते, आणि चकचकीत धातूवर ती चुकीचे आकडे देते. काचेला चिकटवायच्या गोल डायल-मापकांवर विसंबू नये. त्यापेक्षा कमाल-किमान नोंदवणारे दोन डिजिटल थर्मामीटर दोन टोकांना ठेवावेत.

थर्मोस्टॅट स्वतःही बिघडतो. ऑन-ऑफ प्रकारात आतल्या रिलेचे (वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) संपर्क कधी कधी चिकटून बसतात आणि वीज चालूच राहते. यावर दोन उपाय आहेत. पहिला : मुख्य थर्मोस्टॅटच्या आधी, त्याच वीजमार्गात, दुसरा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट लावावा. त्याचा सेन्सर वेगळा असावा आणि आकडा 3 अंशांनी जास्त ठेवावा. एरवी तो स्वस्थ बसतो, पहिला फसला तर वीज तोडतो. दुसरा उपाय : गरजेपेक्षा मोठा हीटर घेऊच नये. पेटी रिकामी असताना, समोर थांबून, वरच्या हीटरचा थर्मोस्टॅट सर्वोच्च आकड्यावर ठेवावा आणि 2-3 तास पाहावे. थंड टोकही 35 अंशांच्या पलीकडे जाऊ लागले तर वॅट जास्त आहेत, लहान हीटर घ्यावा. उलट नेहमीच्या वापरात थर्मोस्टॅट दिवसभर पूर्ण ताकदीवरच चालत असेल तर वॅट कमी पडत आहेत. ‘इतक्या इंचांच्या पेटीला इतके वॅट’ असे तक्ते सुरुवातीपुरते ठीक. खोली किती थंड, पेटी काचेची की लाकडाची, वर जाळी आहे की बंद झाकण, यावर सगळे बदलते.

नवी मांडणी किमान 48 तास रिकामी चालवावी, रात्रीचे आकडे नोंदवावेत, मगच साप आत सोडावा. वायरिंगला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये जात नाही. पाण्याचे भांडे बल्बखाली ठेवू नये. तापलेल्या काचेवर शिंतोडा उडाला तर बल्ब फुटतो.

उन्हाळ्यात खोलीच 32-33 अंशांवर असेल तर हीटर बंदच ठेवावा. थर्मोस्टॅट तापवणे थांबवू शकतो, गार करू शकत नाही. काचेची पेटी थेट उन्हात ठेवली तर हीटर बंद असूनही ती थोड्याच वेळात जीवघेणी तापते. थंडीपेक्षा अति उष्णता सापाला फार लवकर मारते. निरोगी साप काही तास 20 अंशांत सहज काढतो, 40 अंशांत नाही. म्हणून वीज गेली तर घाबरू नये. पेटीभोवती ब्लँकेट गुंडाळावे, हवेची भोके मोकळी ठेवावीत आणि ऊब पूर्ववत होईपर्यंत खायला घालू नये.

साप सतत पाण्यात बसू लागला तर पेटी फार गरम आहे का ते आधी मोजावे, मग अंगावर गोचिडासारखे बारीक जीव आहेत का ते पाहावे. पोटाचे खवले लालसर किंवा तपकिरी दिसले, फोड आले किंवा ओलसरपणा जाणवला तर ते भाजणे समजावे. ते कधी कधी काही दिवसांनी दिसून येते. हीटर लगेच बंद करावा, भुसा काढून साधा पांढरा कागद अंथरावा, तेल-मलम काहीही लावू नये आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे.

आपले,
सापांची निगा राखणारे काही वाचक