एक्सेलची धुणीभांडी करणाऱ्या माझ्या लेकीला

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना, "बाबा, मी इथे एक्सेलची धुणीभांडी करतेय", ते रात्रभर डोक्यात घोळत होतं. म्हणून आज चहा झाल्या झाल्या लिहायलाच बसलो, फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस आणि आई मध्येच फोन काढून घेते.

मला कळतंय तुझं दुखणं. बरोबरचे सगळे बंगलोरला, पुण्याला अ‍ॅप बनवतायत, लिंक्डइनवर फोटो टाकतायत, आणि तू मास्टर्स करून, कर्ज काढून स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला, तेलाच्या धंद्यात गेलीस तर काम काय, तर हजारो ओळींची यादी, त्यात मेंटेनन्सच्या सिस्टममधलं टॅगचं, म्हणजे यंत्राच्या ओळखीच्या नंबराचं, नाव एक आणि कंट्रोल रूमच्या सिस्टममधलं दुसरं, ते जुळवत बसायचं. याला कुणी आयटी म्हणेल का असं तुला वाटतं. तर ऐक, ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही कारण त्यात माझी शोभा झाली होती.

2003 साल, तू दोन वर्षांची. मी आखातात, समुद्रातल्या एका तेलाच्या प्लॅटफॉर्मवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, नाइट शिफ्ट. कॉम्प्युटरमधून वर्क ऑर्डर आली, अमुक नंबरचा प्रेशर ट्रान्समीटर कॅलिब्रेट करा, म्हणजे दाब मोजून कळवणारं ते यंत्र बरोबर आकडा दाखवतंय का ते तपासून नीट लावा. नंबरच्या शेवटी ए. रात्री दोनला टॉर्च घेऊन गेलो, ऑर्डरमध्ये लिहिलेल्या जागी ट्रान्समीटर होता, त्यावरची पट्टी खाऱ्या हवेने पार खाल्लेली, नंबर वाचता येईना. मी म्हटलं हाच. व्हॉल्व्ह बंद केला, प्रेशर सोडलं, आणि मागे कॉम्प्रेसर धाडकन बंद. दोन वर्षांपूर्वी मॉडिफिकेशन झालं तेव्हा ए दुसऱ्या लाइनवर हलवला होता आणि त्याच्या जागी कॉम्प्रेसरच्या सक्शनचा, म्हणजे गॅस आत ओढायच्या बाजूचा, ट्रान्समीटर बसवला होता, ड्रॉइंगमध्ये बदललं होतं, कॉम्प्युटरमध्ये कुणी बदललंच नव्हतं. कॉम्प्रेसरला वाटलं सक्शन प्रेशर पडलं, तो बिचारा त्याच्या नियमाने थांबला. सहा तास प्रॉडक्शन बंद. कुणाला खरचटलंही नाही, पण मेमो मला मिळाला, आणि ज्या एसीतल्या माणसाने ती एक ओळ बदलायची राहू दिली त्याला आजही पत्ता नसेल. चूक माझीही होतीच, ड्रॉइंग बघायला हवं होतं, पण रात्री दोनला माणूस हातातल्या कागदावर विश्वास ठेवतो गं.

तो एसीतला माणूस आता तू आहेस. रागावू नकोस.

तू ज्या गावात राहतेस तिथे हेझलहेड पार्क आहे, गेलीस का कधी? तिथे गुलाबांच्या बागेत तीन कामगारांचा पुतळा आहे, पायपर अल्फा या नॉर्थ सीमधल्या प्लॅटफॉर्मवर गेलेल्यांच्या आठवणीचा. 6 जुलै 1988. आमच्या प्रत्येक सेफ्टी ट्रेनिंगमध्ये हीच गोष्ट पहिली, ती ऐकतच आम्ही म्हातारे झालो. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नेला होता आणि उघड्या तोंडावर नुसती चकती बसवली होती. त्याचं परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना, वेगळं, पंपाच्या दुरुस्तीचं परमिट वेगळं. रात्री दुसरा पंप बंद पडला, नाइट शिफ्टवाल्यांना पंपाचं परमिट माहीत होतं, पंपाचं काम तर अजून सुरूच झालेलं नाही म्हणून त्यांनी तो चालू करायला घेतला. व्हॉल्व्हच्या कागदाचा त्यांना पत्ताच नव्हता. गॅस गळला, दहाच्या सुमारास स्फोट. 167 माणसं गेली. पुढे लॉर्ड कलन यांच्या चौकशीत 106 शिफारशी आल्या आणि आज तुमच्याकडे परमिटची जी सॉफ्टवेअर चालतात, एका यंत्रावर दोन परमिट असली की लाल दाखवतात, त्याचं मूळ तिथे आहे. दोन कागद एकमेकांना जोडलेले नव्हते. तुझ्या भाषेत सांगायचं तर दोन याद्या जोडणारा जॉइन लागला नव्हता.

बरं आता थोडं कामाचं, मी काही आयटीवाला नाही पण तीस वर्षं तुमच्या आयटीवाल्यांना प्लॅटफॉर्मवर येताना-जाताना पाहिलंय. त्यात दोन जाती. एक आला की पहिलं वायफाय विचारतो. दुसरा विचारतो हे पाइप कुठून कुठे जातात. दुसऱ्यालाच आम्ही चहा पाजायचो आणि काय ते खरं सांगायचो. तू पी अँड आयडी वाचायला शीक, ती आपली पाइप आणि इन्स्ट्रुमेंटची ड्रॉइंग, अवघड नाही, पीटी म्हणजे प्रेशर ट्रान्समीटर, एलटी लेव्हलचा, एफटी फ्लोचा, पीएसव्ही म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, महिनाभरात येईल. एसक्यूएल, पायथन तुला येतंच, ते येणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, पण एसक्यूएल येतं आणि तेल, गॅस नि पाणी वेगळं करणारा सेपरेटर म्हणजे काय हेही कळतं अशी थोडी. सरावाला खरा डेटा हवा असेल तर नॉर्वेच्या इक्विनॉरने 2018 मध्ये त्यांच्या बंद झालेल्या व्होल्वे फील्डचा डेटा सगळ्यांसाठी खुला केलाय, विहिरींपासून प्रॉडक्शनपर्यंत, रविवारी नेटफ्लिक्सऐवजी तो उघड. (बरं, नेटफ्लिक्सनंतर.)

आणि एक, ऑफिसचं आयटी वेगळं नि प्लांटचं वेगळं, हे डोक्यात पक्कं बसव. आमच्याकडे एकदा हेड ऑफिसहून अँटीव्हायरसचा अपडेट ढकलला, भर दुपारी, आणि कंट्रोल रूमचे स्क्रीन गोठले. अकरा मिनिटं. प्लांट चालूच, फक्त आम्ही आंधळे. मी नि आणखी दोघं वॉकीटॉकी घेऊन गेजसमोर उभे राहून आकडे ओरडत होतो. ज्याने अपडेट पाठवला तो फोनवर म्हणतो, रीस्टार्ट करून बघा ना. अरे बाबा, खाली प्लांट चालू आहे! म्हणून प्लांटचं मशीन जुनाट दिसलं तर हसू नकोस, आधी विचार हे बंद केलं तर काय काय बंद होतं.

उलटंही खरं म्हणा. 2012 च्या ऑगस्टमध्ये सौदी आरामकोचे तीसेक हजार कॉम्प्युटर व्हायरसने पुसले, पण तेल वाहत राहिलं कारण प्लांटचं नेटवर्क वेगळं होतं. आमच्याकडे त्या आठवड्यापासून पेनड्राइव्ह बंद, मी तुझ्या वाढदिवसाचे फोटो नेले होते ते गेटवरच काढून घेतले. आणि 2021 मध्ये अमेरिकेत कोलोनियल पाइपलाइन, 5,500 मैलांची लाइन, हल्ला झाला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पण भीतीपोटी त्यांनी लाइनच थांबवली, पेट्रोल पंपावर रांगा. शिरले कसे, तर बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायचं एक जुनं व्हीपीएन अकाउंट, नुसता पासवर्ड, ओटीपीसारखं दुसरं काही नाही. असली जुनी अकाउंटं बंद करायचं काम उद्या कुणी तुला दिलं तर धुणीभांडी म्हणू नकोस.

पैशाचं बोलतो, आवडत नाही तुला तरी. ही इंडस्ट्री झोपाळा आहे. जून 2014 ला बॅरल शंभर डॉलरच्या वर होता, जानेवारी 2016 ला तिसाच्या खाली. तुझ्या दहावीच्या वर्षी मी आठ महिने चिपळूणला घरी होतो ते काही तुझ्या अभ्यासासाठी रजा काढून नाही, काँट्रॅक्ट रिन्यू झालं नव्हतं. आईने एफडी मोडली, तुला कळू दिलं नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये तर अमेरिकेतला भाव एक दिवस उणे 37 डॉलर झाला, म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. तेव्हा पगार चांगला आहे म्हणून कार घेऊ नकोस, आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाक आणि कर्जाचा हप्ता. तेल संपलं तर काय असं आत्या विचारत होती, तिला म्हटलं तिथेच तुमच्याजवळच्या पीटरहेड बंदरासमोर समुद्रात 2017 पासून तरंगत्या पवनचक्क्या फिरतायत, पाच आहेत, त्यांनाही सेन्सर, त्यांनाही टॅग, आणि त्यांच्याही याद्या कुणीतरी बिघडवून ठेवल्याच असणार.

ऑफशोअर, म्हणजे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, जायची संधी आली तर नाही म्हणू नकोस. आधी ट्रेनिंग असतं, हेलिकॉप्टरचा डबा पाण्यात उलटा करतात, तू आत पट्ट्याने बांधलेली. नाकात पाणी जातं, एवढंच. खिडकीवर एक हात ठेव आणि डबा फिरायचा थांबल्याशिवाय पट्टा सोडू नकोस. आईला यातलं काही सांगू नकोस.

तू म्हणालीस ना, एका ट्रान्समीटरचं नाव तिन्ही ठिकाणी तीन आहे आणि मॅनेजर म्हणतो अंदाजाने टाक. अंदाजाने टाकू नकोस. प्लॅटफॉर्मवरच्या इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनला सरळ फोन लाव, त्यांच्या गावठी स्कॉटिशमध्ये आधी "फिट लाइक" म्हण, म्हणजे कसं काय, आणि सांग की जरा जाऊन पट्टी बघून ये. आधी कुरकुरेल, मग जाईल. आम्ही सगळे असेच.

आणि मला कळव काय निघालं, ए की बी.

तुझा,
बाबा