मधले दोन सेकंद

सातारा

चि. चिन्मय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, सध्या काय लिहितेस?" आणि मी "काही नाही रे, असंच" म्हणत कुकरकडे पळाले. थाप होती ती. लिहितेय, आणि त्यात तुझ्या आजीला घेतलंय, तेही तुला न विचारता. हे फोनवर सांगायला जमलं नसतं.

दिवाळी अंकाचं आधी उरकते. कासच्या पठारावरची कारवी सात वर्षांनी फुलते ना, तर तिचा हिशेब एका वर्षानं चुकतो, अशी कथा आहे. संपादकांना जुलैअखेर हवीय. शेवट जरा गोड झालाय, बदलीन.

खरं दुखणं कादंबरीचं. कराडजवळ हजारमाचीला भूकंपाचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे, माहीत आहे तुला. त्यांनी कोयनेच्या भागात तीन किलोमीटर खोल बोअर घेतलंय. आपल्या गल्लीत तीनशे फुटांचं बोअर मारताना सगळी पोरं जमली होती, आठवतंय? हे त्याच्या तीसपटीहून खोल. वरचा साडेसहा कोटी वर्षांचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, संपला की खाली ग्रॅनाइट लागतो, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. धरणात १९६२ पासून पाणी साठायला लागलं आणि त्या टापूत जमीन हादरायला लागली, ती अजून थांबलेली नाही. पाण्याचा भार आणि भेगांतून खाली झिरपणारं पाणी कातळाचं नेमकं काय करतं, हे जिथं घडतं तिथंच जाऊन बघायचं, म्हणून ते बोअर. हे वाचल्यावर मला राहवेना. माझी नायिका तिथं रात्रपाळीला बसते आणि तिला खालून आवाज ऐकू येतो, अशी सुरुवात केली.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. पहाटे पाचला उठायचं, लांब वही, उजव्या पानावर गोष्ट आणि डाव्या पानावर गणित. टाइप नंतर करते. (मोबाइलला बोलून लिहायला सांगितलं तर तो 'बेसॉल्ट'चं 'बेसन' करतो, म्हणून पुन्हा बोटांवर आले.) आणि नियम एकच, गोष्टीत एकच थाप मारायची, बाकी सगळं डाव्या पानावर जुळलं पाहिजे. दोन थापा मारल्या की ती परीकथा होते. परीकथा वाईट नसते, पण मला ती लिहायची नाही.

तर एकशेचाळीस पानं झाली आणि ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट लिहायची वेळ आली. ४ वाजून २१ मिनिटं. ते मी आजीकडून जसं ऐकलं तसंच उतरवलं. "मांडणीवरची भांडी बोलली बघ आधी. मी उठले, पोराला कडेवर घेतलं, सासूबाईंना हाक मारली, कडी काढली, अंगणात आले, आणि मागं भिंत बसली." पोर म्हणजे तुझे बाबा, तीन वर्षांचे.

आता डावं पान. भूकंपाच्या दोन लहरी निघतात. पहिली कातळातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते, ती नुसती खडखडवते. दुसरी साडेतीन किलोमीटरनं येते, ती हलवते. आपलं गाव कोयनानगरपासून पंधरा किलोमीटर धर. पहिली अडीच सेकंदांत आली, दुसरी सव्वाचार. मधे पुरते दोन सेकंदसुद्धा नाहीत. इथं साताऱ्यात, चाळीस किलोमीटरवर, पावणेपाच तरी मिळाले असते. दोन सेकंदांत पोर, सासू, कडी आणि अंगण? मी स्वयंपाकघरात घड्याळ लावून करून बघितलं. कडेवर उशी घेतली होती. अकरा सेकंद लागले, आणि आपल्या दाराला आता नुसती कडी आहे, तेव्हा आडणा असायचा.

बाबांना वाचून दाखवलं. नेहमी "पुढं?" म्हणतात, या वेळी गप्प बसले. मग म्हणाले, "आईकडं घड्याळ कुठं होतं?"

त्यावर दोन दिवस काही लिहिलं नाही. मातीची भिंत दुसरी लहर पोचल्या पोचल्या पडत नाही, हलत राहते, मग ढासळते. म्हणजे आजीचं म्हणणं ओढूनताणून बसवता येतं. शाळेत असते तर मुलांना हेच सांगितलं असतं. पण वहीत तसं लिहिलं आणि ते पान मेलं. आजी काही भिंतीची वेळ सांगत नव्हती रे. भांडी बोलल्यापासून सगळं हलायला लागेपर्यंत तिला किती पुरलं, ते सांगत होती.

मग बोअरमधला आवाज काढून टाकला. एकशेचाळीसातली तीस पानं उरली. माझी एकुलती एक थाप आता ते दोन सेकंद आहेत. नायिका यंत्रावर नुसत्या वेळा वाचते, पहिली लहर, दुसरी लहर, कागदावर त्या दोन रेघा. आणि त्या रेघांच्या मध्ये एक बाई दिवा न लावता घरभर फिरते, कुणाकुणाला उठवते, चुलीतला विस्तव झाकते, आणि तिला कसलीच घाई नाही. कोयनेच्या तळाशी वेळ अशी का ताणली जाते, त्याचं कारण मी दिलंय. डाव्या पानावर चार पानं गणित झालंय, आलास की तपास. तू चूक काढणारच, काढ.

आता तुझ्याकडं काम. माझ्या आठवणीत आधी भांडी आहेत. बाबा म्हणतात, नाही, आई सांगायची की आधी गोठ्यात गाय उठून उभी राहिली, भांडी नंतर. भांडी पहिल्या लहरीनं वाजली हे समजतं. पण गाय त्याच्याही आधी उठली असेल, तर माझे दोन सेकंद कुठून मोजायचे तेच बदलतं आणि ती तीस पानंही जातात. तू सुट्टीत तिच्याच कुशीत झोपायचास, तुला तिनं ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. तुला काय म्हणाली होती? आठवेल तसं लिही, शोधून काढू नकोस. आणि बाबांना फोन करून विचारू नकोस, सध्या यावरून आमचं बोलणं बंद आहे.

तुझी
आई

ता. क. गायीचं नावही आठवलं तर लिही. बाबा 'चंद्री' म्हणतात, ते मला पटत नाही.